सिंक होतं, पण एरर शून्यावर टेकत नाही: विलंब असलेल्या न्यूरल नेटवर्कमधला नेहमीचा घोळ

तक्रार साधारण अशी असते. ड्राइव्ह (पुढे चालणारं) आणि रिस्पॉन्स (त्याच्याशी जुळवून घेत सिंक होणारं) अशी दोन नेटवर्क घेतली, विलंब घातला, गेन (एररला कंट्रोल किती जोराने उत्तर देतो तो आकडा) काढला. सिद्धांताप्रमाणे दोघांमधली एरर शून्याकडे जायला हवी. चालवून बघितलं तर ती झपाट्याने खाली येते आणि मग एका पातळीवर तरंगत बसते, मधूनच उसळते. गेन दुप्पट केला की थोडी कमी होते. चौपट केला की सगळंच थरथरायला लागतं. मग माणूस गेनच्या आकड्याशी दिवसभर खेळत बसतो.

मीही बसलोय. आता माझा नियम असा आहे की उरलेल्या एररचा आकार नीट बघून होईपर्यंत गेनला हात लावायचा नाही. ती एरर कुठून येते हे तिच्या आकारातच लिहिलेलं असतं, आणि निम्म्याहून जास्त वेळा उगम गेनमध्ये नसतोच.

आकड्यांत बोलता यावं म्हणून दोन न्यूरॉनचं एक जुनं, सगळ्यांच्या ओळखीचं नेटवर्क घेतो. प्रत्येक न्यूरॉनची अवस्था स्वतःहून १ या दराने विरते. तिच्यात आत्ताच्या आउटपुटचा वाटा ए मॅट्रिक्समधून येतो आणि १ एकक वेळेपूर्वीच्या आउटपुटचा वाटा बी मॅट्रिक्समधून. आउटपुट म्हणजे अवस्थेचा टॅनएच. ए ची पहिली ओळ २ आणि −०.१, दुसरी −५ आणि ३. बी ची पहिली −१.५ आणि −०.१, दुसरी −०.२ आणि −२.५. इतिहास ०.४ आणि ०.६ असा स्थिर. एवढ्या सामग्रीवर हे नेटवर्क केऑटिक चालतं, म्हणजे सुरुवातीचा इवलासा फरकही त्यात फुगत जातो. विलंबाचा हा गुण तसा जुनाच: हॉपफिल्डच्या १९८४ च्या मॉडेलमध्ये जोडण्या सममित असल्या की नेटवर्क निवांत एका जागी बसतं, आणि मार्कस व वेस्टरव्हेल्ट यांनी १९८९ मध्ये दाखवलं की त्यातच विलंब घातला तर ते डोलायला लागू शकतं.

रिस्पॉन्सला कंट्रोल साधा: वजा गेन गुणिले एरर. एरर म्हणजे रिस्पॉन्स वजा ड्राइव्ह.

आधी सॉल्व्हरवर संशय घ्या

दोन्ही नेटवर्कना तोच इतिहास द्या, कंट्रोल बंद करा आणि चालवा. एरर पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत शून्यच राहिली पाहिजे. 'जवळजवळ शून्य' चालणार नाही. दोन्हीकडे तीच बेरीज त्याच क्रमाने होत असेल तर शेवटचा बिटसुद्धा जुळतो. सुरुवातीला १०⁻१६ एवढा फरक दिसला आणि तो वाढत गेला, तर कुठेतरी दोन्हीकडचा कोड वेगळा आहे, आणि केऑस तो फरक फुगवून तुमच्यासमोर ठेवतो आहे.

ही चाचणी पास झाली म्हणजे विलंब बरोबर आहे असं मात्र समजू नका. मी इथेच फसलो होतो. विलंबासाठी रिंग बफर (गोल फिरत जुन्या किमतींच्या जागी नव्या लिहिणारा साठा) ठेवला होता, १००० खान्यांचा, पाऊल ०.००१ चं, म्हणजे विलंब बरोबर १. बफरमध्ये नवी किंमत टाकायची ओळ मी डेरिव्हेटिव्ह काढणाऱ्या फंक्शनच्या आत लिहिली होती. चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत एका पावलात ते फंक्शन चार वेळा बोलावते. म्हणजे बफर घड्याळाच्या चौपट वेगाने पळत होता आणि माझा १ चा विलंब प्रत्यक्षात ०.२५ च्या आसपास होता. ड्राइव्ह आणि रिस्पॉन्स दोघांचाही विलंब सारखाच चुकला असल्यामुळे सिम्युलेशनमध्ये एरर झकास शून्यावर जात होती. रिस्पॉन्स जेव्हा मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डावर चढवला, जिथे विलंब जवळजवळ १ होता, तेव्हा काहीच जुळेना. मी दोन दिवस गेन बदलत होतो.

सापडलं ते एका बाळबोध चाचणीत. नेटवर्क बाजूला ठेवून विलंबाच्या डब्यात नुसता साइन सोडला आणि बाहेर येणाऱ्या साइनशी ताडून बघितला. फेज एका नजरेत दिसते. आता कुठलाही नवा कोड हाती आला की पहिली दोन मिनिटं यातच घालवतो.

पाऊल आपोआप बदलणारा सॉल्व्हर असेल तर हाच घोळ आणखी चोरटा होतो, कारण तो काही पावलं टाकून बघतो, नापसंत करतो आणि मागे येतो. नाकारलेल्या पावलातल्या किमती तोपर्यंत बफरमध्ये जाऊन बसलेल्या असतात. म्हणून मॅटलॅबच्या ओडीई४५ या सॉल्व्हरला बफर बांधून विलंब चालवू नये. तिथे स्थिर विलंबासाठी डीडीई२३ आहे, बदलत्या विलंबासाठी डीडीईएसडी. डीडीई२३ ला बदलता विलंब देता येत नाही. विलंब बदलता असताना त्याची सरासरी काढून डीडीई२३ मध्ये टाकली, तर उत्तर मिळतं, पण ते दुसऱ्याच नेटवर्कचं असतं.

स्वतः स्थिर पावलाचा कोड लिहिणार असाल तर आणखी एक जागा सांभाळा. विलंबाच्या समीकरणाला सुरुवातीचा एक बिंदू पुरत नाही, मागच्या १ एककाचा अख्खा इतिहास लागतो. इतिहास स्थिर धरला तर शून्य वेळेला डेरिव्हेटिव्हमध्ये खाच पडते, आणि ती खाच १, २, ३ एककांनंतर पुन्हा उमटते, दर वेळी थोडी बोथट होऊन. पाऊल असं निवडा की या वेळा बरोबर पावलांवर येतील. नाहीतर सुरुवातीच्या पट्ट्यात अचूकता गळते आणि दोष गेनला मिळतो.

शेवटी पाऊल अर्धं करून बघा. केऑटिक मार्ग थोड्या वेळाने वेगळा जाणारच, त्यामुळे वक्रावर वक्र ठेवून तुलना करू नका. लांब खिडकीतली एररची कमाल आणि तिचा आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) ताडून बघा. पाऊल अर्धं केल्यावर एररही अर्धी किंवा त्याहून लहान झाली, तर ती गणकाची एरर आहे. हलली नाही, तर ती खरी आहे आणि पुढे वाचा.

एरर उसळते कधी, यावरून उगम

लूप बऱ्यापैकी घट्ट असला, म्हणजे गेन पुरेसा मोठा असला, की एरर लहान राहते आणि कंट्रोल इनपुट हेच तफावतीचं चित्र बनतं. कारण दोन नेटवर्कमध्ये जो फरक आहे तो भरून काढण्याचं काम कंट्रोलच करत असतो. म्हणून मी एररच्या ऐवजी कंट्रोल इनपुट कागदावर काढतो, आणि वेळेसमोर काढत नाही. आडव्या अक्षावर संशयित घेतो.

समजा ड्राइव्हमध्ये दुसऱ्या न्यूरॉनचं स्वतःशी वजन ३ आहे आणि रिस्पॉन्सच्या बोर्डावर ते ३.१५ झालं आहे. पाच टक्के फरक. दुसऱ्या न्यूरॉनचा कंट्रोल त्याच्याच आउटपुटसमोर काढला की ठिपके मूळबिंदूतून जाणाऱ्या एका तिरक्या पट्टीत गोळा होतात, आणि पट्टीचा उतार उणे ०.१५ च्या आसपास येतो. गेन जितका मोठा तितकी पट्टी अरुंद. उतार वाचला की तफावत किती आणि कोणत्या जोडणीत, हे दोन्ही कळतं.

विलंबात फरक असेल तर चित्र वेगळं. ड्राइव्हचा विलंब १ आणि रिस्पॉन्सचा ०.९८ असेल, तर नेटवर्क एका बाजूला रेंगाळत असताना एरर जवळजवळ नसते आणि ते एका पाकळीतून दुसऱ्या पाकळीत झेप घेतं तेव्हा टोकदार उसळी येते. फरकाचा आकार साधारण विलंबातली चूक गुणिले आउटपुट बदलण्याचा वेग एवढा असतो, त्यामुळे आडव्या अक्षावर आउटपुटऐवजी १ एककापूर्वीच्या आउटपुटचा बदलदर घेतला की ठिपके रांगेत येतात.

हे ०.९८ मी उगाच घेतलेलं नाही. बफरची आधीची भानगड निस्तरल्यावर माझ्या बोर्डावर नेमकी हीच निघाली. पाऊल ०.०२, बफर ५० खान्यांचा. एका खान्यातली जुनी किंमत आधी वाचून मग त्याच खान्यात नवी लिहिली तर विलंब ५० पावलांचा होतो. आधी लिहिलं, निर्देशक एक घर पुढे सरकवला आणि मग वाचलं, तर ४९ पावलांचा. दोन ओळींची अदलाबदल, दोन टक्के विलंब, आणि दर झेपेला एक काटा.

तिसरा आकार म्हणजे सपाट: कंट्रोल एका स्थिर आकड्याभोवतीच राहतो. बाहेरून येणारा बायस दोन्हीकडे वेगळा आहे. याची एक फसवी जुळी बहीण आहे ती सेन्सरच्या ऑफसेटची. तिथे मोजलेली एरर छान शून्याजवळ असते, कंट्रोलही शांत असतो, आणि खरी एरर ऑफसेटएवढी कायम राहते. गेन कितीही वाढवा, ती ढिम्म हलत नाही, कारण कंट्रोलर चुकीच्या शून्याला शून्य समजून इमानदारीने पकडून ठेवतो. दोन्ही बाजूंना मुद्दाम तोच स्थिर सिग्नल देऊन वाचनं जुळतात का हे बघणं एवढाच त्यावर उपाय.

चौथा आकार नियमित डोलण्याचा. नेटवर्क काहीही करत असलं तरी एरर ठरावीक आवर्तनकाळाने वरखाली होते. ही तफावत नाही. हा विलंब कंट्रोलच्या वाटेतला आहे, आणि त्याला स्वतंत्र जागा द्यायला हवी.

विलंब कुठे आहे: नेटवर्कमध्ये, तारेत की कंट्रोलमध्ये

तिन्ही विलंब टाऊ या एकाच अक्षराने दाखवायची सवय वाईट आहे. त्यांचे स्वभाव अगदी वेगळे.

नेटवर्कच्या आतला १ चा विलंब निरुपद्रवी, निदान आपल्या कामापुरता. तो दोन्हीकडे सारखा असेल तर पुरेसा गेन त्याला झाकून टाकतो. किती पुरेसा? सरळ हॅलनेच्या असमानतेने (विलंब असूनही एरर विरेल याची एक तयार अट) बघितलं तर ए च्या ओळींच्या निरपेक्ष बेरजांमधली मोठी ८, बी ची २.७, त्यातून विरण्याचा १ वजा: गेन ९.७ च्या वर हवा. पण दुसऱ्या न्यूरॉनची एरर १० ने भागून मोजली, म्हणजे दोन घटकांना वेगळी वजनं दिली, तर पहिल्या ओळीची बेरीज ५.५ आणि दुसरीची ६.०२ होते, आणि गेन ५.०२ च्या वर पुरतो. नेटवर्क तेच, मोजपट्टी बदलली आणि लागणारा गेन जवळजवळ निम्मा झाला. −५ हा मोठा आकडा एकाच दिशेने काम करतो, उलट दिशेला फक्त −०.१ आहे, म्हणून हे जमतं. पुस्तकी अट पाळायची म्हणून दुप्पट गेन लावणारे पुढच्या संकटाला आमंत्रण देतात.

ते संकट म्हणजे कंट्रोलच्या वाटेतला विलंब. रिस्पॉन्स स्वतःचीच अवस्था एच एवढ्या उशिराने मोजतो, किंवा कंट्रोल उशिरा लागू होतो. एका चलापुरतं बघा: एरर मोकळी सोडली तर दर ४ ने वाढते, आणि तिला आवरणारा कंट्रोल एच एवढ्या जुन्या एररवर चालतो. विलंब नसता तर ४ पेक्षा मोठा कुठलाही गेन चालला असता. विलंब ०.१ असेल तर गेन ४ आणि साधारण १३ यांच्या मध्येच असायला हवा. १३ च्या वर गेला की डोलणं वाढत जातं. गेन ५ असताना ०.२१ पर्यंत विलंब चालतो, १० ला ०.१२६ पर्यंत, २० ला ०.०७ पर्यंतच. आणि विलंब ०.२५ च्या पलीकडे गेला, म्हणजे वाढीच्या दराचा व्यस्त ओलांडला, की असा कुठलाच स्थिर गेन उरत नाही. गेन वाढवल्यावर थरथर का येते याचं उत्तर हेच.

ओळखायचं कसं? आवर्तनकाळ मोजा. गेन बऱ्यापैकी मोठा असेल तर सीमेवरचं डोलणं विलंबाच्या चौपटीहून थोडं जास्त काळाचं असतं. वरच्या उदाहरणात ०.१ विलंबाला ०.५ च्या आसपास. थरथरीचा काळ घड्याळाने मोजून पाचाने भागा, लूपमध्ये कुठे किती उशीर लपलाय याचा अंदाज लगेच येतो. एका फिल्टरने खाल्लेला वेळ मला असाच सापडला होता. त्या फिल्टरला कोणी विलंब म्हणत नव्हतं.

सॅम्पलिंगही विलंबच आहे, पण करवतीच्या दात्यासारखा: प्रत्येक नमुन्यानंतर शून्यापासून चढतो आणि पुढच्या नमुन्याला खाली आदळतो. त्याच उदाहरणात नमुन्यांमधलं अंतर ०.१ असेल तर गेनची वरची मर्यादा साधारण २० येते. कायमचा ०.१ विलंब धरला असता तर १३ आली असती, आणि सरासरी म्हणून ०.०५ धरला असता तर २९. म्हणजे पहिला हिशेब विनाकारण घाबरट आणि दुसरा धोकादायक. सरासरी विलंब धरणारे बरेच जण भेटतात. त्यांचं सिम्युलेशन सुंदर चालतं आणि बोर्ड थरथरतो.

तिसरा विलंब तारेतला: ड्राइव्हचा सिग्नल रिस्पॉन्सपर्यंत उशिरा पोहोचतो. यावरचा उपाय इतका सोपा आहे की लोक तो विसरतात. रिस्पॉन्सला स्वतःची अवस्था आत्ताची माहीत आहे. फक्त ड्राइव्हची जुनी आहे. मग ड्राइव्हच्या त्या जुन्या अवस्थेशीच जुळवून घ्या. रिस्पॉन्स ड्राइव्हच्या मागे तेवढ्या अंतराने चालेल, एरर खरोखर शून्याकडे जाईल, आणि वरची ०.२५ ची भिंत आडवीच येणार नाही, कारण कंट्रोलच्या लूपमध्ये विलंबच नाही. चूक होते ती अशी की कोणीतरी 'दोन्ही वेळा सारख्या हव्यात' म्हणून रिस्पॉन्सची अवस्थाही तेवढीच जुनी घेतो आणि दोघांमधली जुनी एरर वापरतो. निरुपद्रवी विलंब हाताने उचलून लूपमध्ये आणून ठेवल्यासारखं झालं ते. दुसरी चूक आलेखाची: लॅगने सिंक झालेल्या सिग्नलांची एरर त्याच क्षणाला मोजली तर ती मोठी दिसणारच. दोन सिग्नलांचं क्रॉस-कोरिलेशन काढा, म्हणजे एक सिग्नल वेळेत सरकवत दोघांचं साम्य मोजा. शिखर शून्यापासून सरकलेलं आणि उंच असेल तर सिंक झालेलं आहे, तुम्ही ते चुकीच्या जागी शोधताय.

तफावत खरीच असेल तर

इथे पेपरमधली अनिश्चितता आणि बेंचवरची, म्हणजे खऱ्या बोर्डांवरची, अनिश्चितता यांच्यातला फरक समजून घ्यावा लागतो. बऱ्याच सिद्धांतांत वजनांमधला बदल दोन मॅट्रिक्सच्या मध्ये एक अज्ञात, नॉर्म (आकाराचं माप) १ च्या आतलं मॅट्रिक्स ठेवून लिहितात, आणि तोच बदल ड्राइव्ह आणि रिस्पॉन्स दोघांना लावतात. मग वजाबाकीत तो बदल एररच्या फंक्शनला गुणला जातो. एरर शून्य झाली की तोही शून्य. म्हणून प्रमेय म्हणतं, एरर शून्यावर जाईल. खोटं काहीच नाही त्यात. पण बेंचवर दोन बोर्डांचे रोध स्वतंत्रपणे बदलतात. तिथे वजाबाकीत बदल गुणिले आउटपुट असं एक पद उरतं, आणि एरर शून्य असली तरी ते शून्य होत नाही. शून्य ही समतोल अवस्थाच राहत नाही. तेव्हा साध्या रेषीय कंट्रोलकडून शून्याची अपेक्षा करणंच चूक.

किती उरेल ते मात्र आधीच सांगता येतं, कारण टॅनएच १ च्या बाहेर जात नाही. ३ विरुद्ध ३.१५ च्या उदाहरणात तफावतीचं पद ०.१५ च्या आत. मघाच्या वजनी मोजपट्टीने हिशेब केला तर गेन १० असताना दुसऱ्या न्यूरॉनची एरर शेवटी ०.०३ च्या आत राहते, २० ला ०.०१ च्या आत, ४० ला ०.००४३ च्या. शून्य कधीच नाही. तुमची उरलेली एरर या मर्यादेच्या आत बसत असेल तर काहीही बिघडलेलं नाही, आणि आपल्या कामाला ०.०१ पुरत असेल तर इथेच थांबावं. अनेकदा पुरतं.

कंट्रोलमध्ये इंटिग्रल (साठत गेलेल्या एररचं पद) जोडून बघायचा मोह होतो. स्थिर बायस तो खातो, पण इथली तफावत नेटवर्कच्या आउटपुटबरोबर नाचते, त्यामुळे इंटिग्रल तिच्यामागे धावत राहतो आणि लूपची थरथर मात्र वाढवतो.

एरर खरोखर शून्यच हवी असेल तर दोन मार्ग. पहिला म्हणजे कंट्रोलमध्ये एररच्या चिन्हाचं पद घालणं, तफावतीच्या कमालीपेक्षा थोडं मोठं. इथे दुसऱ्या न्यूरॉनला ०.२ घेतलं तर पुरेल. कागदावर एरर मर्यादित वेळात शून्य होते. बोर्डावर ती दर पावलाला चिन्ह बदलत चॅटर करते, साधारण ०.२ गुणिले पाऊल एवढ्या उंचीने, आणि पाऊल अर्धं केलं की ती उंचीही अर्धी होते. चिन्हाऐवजी अरुंद पट्ट्यात सरळ चढणारं सॅच्युरेशन घातलं की चॅटर जातं आणि त्या पट्ट्याएवढी एरर परत येते. वाटेत विलंब असेल तर हा मार्ग मी घेत नाही. चिन्हाचं पद म्हणजे शून्याजवळ अनंत गेन, आणि अनंत गेनला किती विलंब चालतो ते वर बघितलंच.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: तफावतीचा अंदाज बांधणं. कोणती जोडणी संशयित आहे हे ठिपक्यांच्या पट्टीवरून कळलेलं आहे, तिला गुणणारा आउटपुट रिस्पॉन्सकडे आहेच. मग कंट्रोलमध्ये वजा अंदाज गुणिले आउटपुट घाला आणि अंदाज एरर गुणिले आउटपुट या दराने बदलू द्या. एरर शून्याकडे जाते, आणि केऑटिक सिग्नल सहसा पुरेसा चंचल असल्यामुळे अंदाजही खऱ्या तफावतीवर येऊन बसतो.

याची गल्लत ॲडॅप्टिव्ह गेनशी करू नका. तिथे गेनच एररच्या वर्गाच्या दराने वाढू देतात. वर्ग कधी ऋण नसतो, त्यामुळे गेन फक्त वाढतो. एरर शून्यावर जात असेल तर ठीक. तफावतीमुळे थोडी जरी उरत असेल तरी गेन कायम चढत राहतो. याची लक्षणं फार फसवी असतात: डेमोच्या दोन मिनिटांत सगळं उत्तम, तासाभराने अचानक स्फोट. ऑइलर पद्धतीत पाऊल ०.०१ असेल तर गेन २०० च्या आसपास गेला की गणितच अस्थिर होतं. असा रात्रभर चालवून सकाळी फुटलेला रन दिसला की मी आधी गेनचा आलेख उघडतो. उपाय जुनाच आहे: गेनच्या समीकरणात त्याला हळूहळू विरवणारं एक छोटं पद घालणं. अनुकूली नियंत्रणवाले त्याला सिग्मा मॉडिफिकेशन म्हणतात. किंवा एरर ठरावीक पट्ट्याच्या आत आली की गेनची वाढ थांबवा.

एलएमआय सुटत नाही, किंवा संशयास्पद सुटते

एलएमआय म्हणजे मॅट्रिक्सची रेषीय असमानता; ती सोडवून सिंकची हमी देणारा गेन काढतात. हे थोडक्यात, कारण इथली नव्वद टक्के डोकेदुखी दोनच गोष्टींची.

एक: विलंब बदलता असेल तर लायापुनोव्ह-क्रासोव्स्की फंक्शनलमधल्या (एररचा इतिहासही मोजणाऱ्या, घटत जायला हव्या अशा राशीतल्या) इंटिग्रलचं डेरिव्हेटिव्ह घेताना १ वजा विलंबाचा बदलदर असा गुणक येतो. सॅम्पलिंगच्या करवतीत हा बदलदर बरोबर १ असतो, गुणक शून्य होतो आणि ते पद काहीच मदत करत नाही. बदलदर १ पेक्षा कमी मागणारं प्रमेय सॅम्पल केलेल्या कंट्रोलला लावून 'अव्यवहार्य' असं उत्तर मिळालं, तर सॉल्व्हरला दोष देऊ नका. बदलदर न मागणारी मांडणी घ्या: रझुमिखिन किंवा हॅलनेचा मार्ग, नाहीतर दुहेरी इंटिग्रलवाली. त्या दुहेरी इंटिग्रलला जेन्सनच्या असमानतेऐवजी सरे आणि ग्वायबो यांची २०१३ ची विर्टिंगरवर आधारलेली असमानता लावली की त्याच नेटवर्कला जास्त विलंब मान्य होतो. अनिश्चिततेसाठी पीटरसनचं लेमा वापरताना त्यातला एप्सिलॉन १ ठेवू नका. तो चल म्हणूनच सॉल्व्हरकडे सोपवा.

दोन: सुटलेली एलएमआय खरंच सुटली का? असमानता एकजिनसी असते, म्हणजे सगळी मॅट्रिक्स शून्य ठेवली तरी ती 'जवळजवळ' पाळली जाते, आणि सॉल्व्हरला काटेकोर 'मोठं' कळत नाही; त्याला 'मोठं किंवा समान' एवढंच कळतं. मग तो १०⁻९ एवढी मॅट्रिक्स देऊन 'यशस्वी' असं छापतो. त्या पी मॅट्रिक्सचा व्यस्त घेऊन गेन काढला की भलताच आकडा येतो, आणि तो भलता गेन बोर्डावर जाऊन थरथरतो. पी एकक मॅट्रिक्सपेक्षा मोठं किंवा समान असावं अशी अट घाला. एकजिनसी असल्यामुळे काही गमवावं लागत नाही. उत्तर आलं की त्याच्या आकड्यांनी असमानतेचं मॅट्रिक्स पुन्हा हाताने जुळवा आणि आयगेन किमती स्वतः काढा. सगळ्यात मोठी −१०⁻८ असेल तर ती एलएमआय सुटलेली नाही.

माझ्या त्या बोर्डाचं काय झालं? बफरच्या दोन ओळींची अदलाबदल सुधारल्यावर काटे गेले आणि खाली एक बारीक, आउटपुटबरोबर हलणारी एरर उरली. ठिपक्यांची पट्टी काढली, उतार वाचला, तेवढा आकडा कंट्रोलमध्ये घातला. गेन मी अखेर १२ वरून ८ वर आणला.